इंदूआत्याचा लामावर गेलेला बाप

इंदूआत्या आज सकाळी गेली.

जन्मभर बापाला शिव्या घातल्या, आणि शेवटचं वर्ष त्याच्यासाठी रडली.

नाशिकरोडला ज्यांनी तिच्या हातची छडी खाल्लीय, त्यांना बाई आठवतच असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. ती माझ्या वडिलांची चुलत बहीण. म्युनिसिपालटीच्या शाळेत शिक्षिका होती. तोंडाने फटकळ, पण माझी फी भरायची वेळ आली की सगळ्यात आधी तीच उभी.

तिचे वडील सखाराम, म्हणजे माझे थोरले आजोबा, दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेले. आमच्या येवल्याकडच्या गावात त्याला 'लामावर गेला' म्हणायचे.

आत्या तेव्हा आईच्या पोटात होती.

ते परत आलेच नाहीत. गावात बोललं जायचं की तिकडेच दुसरी केली, घर मांडलं, पोरंबाळं झाली.

त्यांची बायको, आमची चंद्राआजी, तरीही रोज कपाळभर कुंकू लावायची.

ती वारली तेव्हा आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती. पांढरं नेसवायचं ठरलं होतं. पण गावातल्या बायका अडून बसल्या. नवरा जिवंत आहे, सवाष्ण आहे. हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली.

आत्या तिथेच ओरडली होती, "त्या पळपुट्याच्या नावाचं कुंकू पुसा आधी!"

कुणी पुसलं नाही.

गेल्या वर्षी मला फॅमिली ट्रीचं खूळ लागलं. ग्रुपवर सगळ्यांच्या मागे लागून नावं, जन्म, मृत्यू गोळा करत होतो. सखारामआजोबांच्या चौकटीत मृत्यूची जागा रिकामी होती. आत्याला विचारलं.

"लिही, पळून गेला. आणि मोठ्या अक्षरात लिही."

मला ते लिहवेना. म्हणून गावी गेलो.

गावात त्या वेळचं एकच माणूस उरलं होतं. कोंडाबाई. नव्वदी ओलांडलेली, डोळे गेलेले, कान शाबूत. मी कोण ते सांगितलं, सखारामआजोबांचं नाव काढलं.

ती म्हणाली, "तार आली हुती ना बाबा."

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय.

"मी नवी नवरी हुते. पोस्टमन आला. मास्तरानं तार वाचली. सखाराम लढाईत मेला म्हून. त्याचा बाप मटकन खाली बसला. चंद्रा खुरपायला गेली हुती, पोरीला बांधावर निजवून. म्हातारा उठला आन म्हणला, माझ्या सुनंला कोनी सांगायचं नाय."

"का?"

"पाट लावून गेली आसती ना ती. लय तरनी हुती."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात ते चालायचं. पण बाई पाट लावून गेली की पहिल्या नवऱ्याचं लेकरू सासरीच ठेवून जावं लागायचं.

"पोरगी आईबिगर ऱ्हाईल म्हून म्हातारा गप बसला. समद्या वस्तीनं तोंड शिवलं. कोनी इचारलं तर तिकडंच दुसरी केली म्हणायचं. नंतर तिला मागनं बी आलं, रेल्वेतला मानूस हुता, चांगला. ती म्हणली, माझा मालक हाय. आमी आयकत हुतो."



मग कोंडाबाईने माझा हात चाचपून धरला.

"ते हिरवं लुगडं म्याच नेसवलं तिला."

खरं सांगतो, मला तो हात झटकून टाकावासा वाटला. बिचाऱ्या आंधळ्या म्हातारीचा हात. पण वाटलं.

घरी येऊन नेटवर शोधलं. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा सैनिकांची नावं ब्रह्मदेशातल्या एका स्मारकावर कोरलीत. आमच्या आडनावाने काहीच मिळेना. मग त्यांचं आणि बापाचं नाव टाकलं, गाव टाकलं. मिळाले. आमची अख्खी वस्ती ज्याला पळपुटा म्हणत आली, त्याचं नाव दगडात कोरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेलो. ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. मोबाइलवर दगडाचा फोटो दाखवला. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

आणि रडली. तोंडात पदर कोंबून, लहान पोरीसारखी.

"मला काय माहीत रे. मी त्याला काय काय बोलले."

थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचे. त्यांनी केलं हे?"

"तुझ्यासाठी केलं, आत्या."

"मग मी काय करू? माझ्यासाठी कशाला आईचा जन्म जाळला? तिला विचारायचं तरी."

 तिचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, वाईट होते असं मला म्हणता येत नाही आणि माफही करता येत नाही.

विहारात तिने बापाचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातला मृत्यूनंतरचा विधी, केलं, एवढ्या वर्षांनी. फोटो नव्हताच, म्हणून त्या दगडाच्या फोटोची प्रिंट ठेवली. ती प्रिंट शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती. बाप मिळाल्याचं तिला समाधान होतं, हेही खरं. पण मी कधीही गेलो की एकच विचारायची.

"माझ्या आईला आता कोण सांगणार रे?"

मी विषय बदलायचो.

आज तिला पांढरी साडी नेसवली. ती प्रिंट सोबत दिली.

आत्या, आत्मा-बित्मा, मेल्यावरच्या गाठीभेटी, असलं काही तू आम्हाला कधी मानू दिलं नाहीस. मी आजही मानत नाही.

पण चंद्राआजी भेटलीच, तर तूच सांग तिला.

अखेरचा जयभीम.