विमलच्या वाटीतले आठाणे

विमल गेली ती भरदुपारी. जेवून हात धुवायला उठली आणि भिंतीला टेकून खाली बसली, ती बसलीच... डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे म्हणतात, सवाष्ण गेली, सोनं झालं. कोणाचं सोनं झालं? मी मागे राहिलो ना इथं. असं बोलणाऱ्याला मी चहा विचारत नाही.

पवनारला आमची पिठाची चक्की होती. मी दळायचो, गल्ल्यावर ती बसायची. संध्याकाळी चिल्लरवरचं पीठ फुंकून एकेक नाणं पाहायची. भोकाचा पैसा, कंगोऱ्याचे दहा पैसे, असं काही दिसलं की ते तिच्या नाण्यांच्या वहीत, प्लास्टिकच्या कप्प्यात जायचं. साधे आठाणे मात्र ती डालड्याच्या डब्यात टाकत गेली, वर्षानुवर्षं. यंदा चक्की विकली, हाताला काम उरलं नाही, तेव्हा तिने तो डबा उपसला. भिंग घेऊन ओसरीत बसायची. एक दिवस मला हाक मारली.

“अजी, इकडं या. हे दोन्ही एकाच सालचे. पण याची चांदणी पाहा, सालाच्या खाली. अन् आकडेबी जाड हायेत.”

मी म्हटलं, मले तं दोन्ही सारखेच दिसून राह्यले.

“तुमाले तं माह्या दोन साड्याबी सारख्याच दिसतेत.”

नागपूरच्या एका नाणेवाल्याला तिने फोनवर फोटो पाठवला. तो म्हणाला, हा ठसा फार कमी निघतो, किमतीचा आहे, घेऊन या. मग काय विचारता... बाईला तहानभूक राहिली नाही. आपल्याच डब्यात इतकी वर्षं पडून होते आणि आपण त्यांना साधे समजलो, म्हणून स्वतःवरच हसायची. तसले आणखी सापडले. ते तिने स्टीलच्या वाटीत काढून खिडकीत ठेवले. सोमवारी नागपूरला जायचं ठरलं होतं. ती शुक्रवारी गेली.

आमच्याकडे तिरडीवरून लाह्या आणि चिल्लर उधळतात. माझा साळा बबन चिल्लर मागत फिरत होता. कोणाच्या खिशात असणार? सगळे फोनवर पैसे देतात. शेवटी त्याने खिडकीतली वाटी उचलली. मी पुढे होतो, मडकं धरून. मागे काय उधळलं जातंय ते मला कसं दिसणार? घरी आलो तेव्हा वाटी पालथी पडली होती.

बबनला विचारलं. कप्प्यांतली नाणी त्याने पाहिली होती, त्यांना हात लावला नव्हता, ते मला कौतुकाने सांगायला लागला. म्हणाला, “भाऊजी, आठाणे तं कोनी घेतच नाई आता. उधळाले कामी आले.” तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. बोलणारही नाही. आणि विमलचाही मला राग येतो. कप्प्यात ठेवायला काय झालं होतं तिला? चार लोक म्हणतात, एवढ्याशा आठाण्यांसाठी काय जीव जाळता. बाईच्या शेवटच्या दिवसांतला सगळा आनंद त्या वाटीत होता, तो तुम्ही रस्त्यावर फेकला. आणि मलाच शहाणपण शिकवता?

रस्त्यावर काही सापडलं नाही. धाम नदीकाठच्या स्मशानापर्यंत वाकून पाहत गेलो, कंबर धरली. मग कोणीतरी सांगितलं, सवाष्णीवरून उधळलेला पैसा लोक बरकतीसाठी उचलून नेतात, देवात ठेवतात. म्हणून परवा समोरच्या रंजनाकडे गेलो. तिच्या देव्हाऱ्यात होता एक, हळदकुंकू लावलेला, राखेने घासून लखलखीत केलेला. घासलं की नाण्याची किंमत जाते, हे विमल सगळ्या गल्लीला सांगत फिरायची. कोण ऐकतं.

मी नाणं हातात घेतलं. माझ्या डोळ्यांना ते बारीक दिसत नाही. रंजनाला म्हटलं, सालाच्या खाली पाहा, चांदणी हाये का? तिने उजेडात धरलं. “हाये काकाजी. बारकीशी हाये.”

मी ते खिशात घातलं. आतून तिची सासू आली, म्हणाली, “देवाचं हाये, भाऊ. असं उचलून नेऊ नाई.”

“देवाचं नाई,” म्हटलं, “विमलचं हाये.”

आणि चप्पल घालून शेजारच्या घराची कडी वाजवली.