उसाच्या कडेला बोलणारी गाडी

आमचे धाकटे दीर भागवत गेले, तेव्हा त्यांच्या पिकअपमधला रेडिओ चालू होता. संगमनेरच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून झाले, मागचा फाळका लावून ते परत स्टेअरिंगवर बसले आणि बसल्या जागी गेले. रेडिओवर कुठल्याशा परक्या मुलखातली बाई आपली बोलत होती. हमालांना वाटलं, अण्णा बातम्या ऐकतायत. त्यांना ती भाषा कळते की नाही, याचा विचार बाजारात कोण करतो? मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून कंटाळला, खाली उतरला, खांद्याला हात लावला, तेव्हा मान कलली.

शेजारचा रंगनाथ सांगायला आला, तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. "काकी, भागवतअण्णा..." एवढं बोलला आणि गाईकडे बघत राहिला.

मी विचारलं, "कुठं धडकली गाडी?"

"धडकली न्हाई, काकी. गाडी हाय तिथंच उभी हाय."

मला कळलं. मी हात धुतले.

आता महिना होत आला. पेपरच्या पुरवणीत कोणी गेलं की त्याच्याबद्दल लिहितात, तेव्हा तो शूर आणि हसतमुख असतो. आमचे भावजी सकाळच्या वेळी तर मुळीच हसतमुख नव्हते. आणि ते भित्रे होते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, डॉक्टरच्या सुईला भ्यायचे. लग्नात घोड्यावर बसायला तयार झाले नाहीत, बैलगाडीतून मिरवले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून जेवायला आमच्याकडेच असायचे. माझे मालकही नाहीत, मुलगा साखर कारखान्यात पाळीला. घरात मी, सून सुमन आणि हा भित्रा माणूस.

सुमन लग्न होऊन आली, त्या वर्षी आमच्याकडे बिबट्या उसात राहायला आला. भंडारदऱ्याचं पाणी कालव्याला आल्यापासून ऊस पार घराच्या भिंतीपर्यंत आलेला. जनावर डोंगरातून खाली उतरलं आणि उसातच व्यायलं. आधी वस्तीवरची कुत्री नाहीशी झाली. मग पलीकडच्या वस्तीवरची बायजा गवत कापत असताना तिच्या मानेवर झडप पडली. ती वाचली. पण अजून तिला कोणी हाक मारली, तर मान वळत नाही, सगळी बाईच वळते. वनखात्याचा माणूस येऊन सांगून गेला, वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो, उभ्या माणसाला तो टाळतो, शेतात मोठ्यानं बोलत राहा. गवत उभ्यानं कसं कापायचं, ते काही त्यानं सांगितलं नाही.

आमच्या दोन गाई होत्या. गाईंना बिबट्याचं सांगून चालत नाही, त्यांना गवत लागतं. सकाळी आम्ही दुसऱ्याच्या रानात कामाला, त्यामुळे उसाच्या सऱ्यांतल्या गवताला जायचं ते ऊन उतरल्यावर. सुमन पाथर्डीकडची, नवी नवरी. तिच्या माहेरी बाजरी, कंबरेच्या वर काही उगवत नाही. डोक्यावरून दोन हात उंच ऊस बघूनच ती गळपटायची. मी तिच्यावर ओरडायचे, "चल गं, ऊस काय खातो का?" ओरडायचे कारण भीती मलाही होती.

भावजींनी जुनी पिकअप घेतली, तिच्यात कंपनीनंच बसवलेला रेडिओ होता. बाजारातून परत आले की ते गाडी उसाच्या कडेला लावायचे, दोन्ही दारं उघडायचे आणि रेडिओ मोठा करून आत बसायचे. माणसाचा आवाज चालू आहे तोवर तो जवळ येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यातही गाणी नकोत, त्याला गाण्याची सवय होते, बोलणं पाहिजे. शेतीच्या सल्ल्याचा कार्यक्रम त्यांना सगळ्यात चांगला वाटायचा. वस्तीवरच्या बायका चिडवायच्या, "अण्णा, खाली उतरा की, पेंढी उचलू लागा." ते म्हणायचे, "मी हितं ड्युटीवर हाय." खाली मात्र उतरायचे नाहीत.

अडचण अशी की दुपारचा कार्यक्रम संपला की संध्याकाळचा सुरू होईपर्यंत त्या रेडिओवर नुसती खरखर असायची. आमची उसात शिरायची वेळ नेमकी तीच. माझ्या डोळ्याला पडदा आला होता, तो दाखवायला नगरला जायचं होतं. तेव्हा भावजी म्हणाले, तिथून जवळच भिंगारला जाऊन येऊ. तिथल्या जुन्या बाजारात एक जण मोडीत निघालेले रेडिओ विकायचा. दुकानदार म्हणाला, "गाडीत एक असताना दुसरा कशाला?"

भावजी म्हणाले, "पहिला सरकारी हाय. दुपारी झोपतो."

दुकानदारानं लांबच्या देशांची स्टेशनं धरणारा एक सेट काढला. तो लाकडी खोक्यात घालून डॅशबोर्डखाली पट्टीनं बांधला, आणि त्याची तार कंपनीच्या रेडिओला जोडली. म्हणजे परका सेट बोलणार आपल्याच रेडिओच्या तोंडातून. एक बजावलं, इंजिन चालू असलं की आवाजात घरघर येईल, त्याला इलाज नाही.

"मग इंजिन बंद ठिवू," भावजी म्हणाले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवसापासून एक बाई रोज आमच्या उसाच्या कडेला बोलायला लागली. कोणत्या देशाची, देव जाणे. खणखणीत आवाज, श्वाससुद्धा घ्यायची नाही. सुमन म्हणायची, "आत्याबाई, ही भांडती का बातम्या सांगती?" मी म्हणायचे, "भांडू दे, गप नको बसायला." तिच्या बोलण्यावर आमचे विळे चालायचे. सुमनची भीती हळूहळू कमी झाली. माझी झाली नाही, पण हात चालू लागले.

भावजींचा एक नेम होता. अमावास्येला गाडी काढायची नाही. चावीसुद्धा फिरवायची नाही, फक्त चाकाला पाणी आणि पुढं लिंबू-मिरची. गाईंना अमावास्या नसते. म्हणून ते आदल्या संध्याकाळीच गाडी उसाकडे लावून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी नुसता रेडिओ चालवायचे. एका अमावास्येच्या आधी दोन दिवस बाजारही बंद होता. गाडी जागची हललीच नव्हती, आणि बाई मात्र रोज बोलत होती.

अमावास्येच्या दिवशी आम्ही दोघी उसात बऱ्याच आत होतो. ऊन अजून उसाच्या शेंड्यावर होतं. बाईचा आवाज जरा जड झाला, मग लांब गेल्यासारखा झाला, आणि बंद पडला...

उसातली शांतता कशी असते, ते बाहेरच्याला सांगता येत नाही. आपला श्वाससुद्धा दुसऱ्याचा वाटतो. मी आधी उभी राहिले आणि सुमनला दंडाला धरून उभी केली. बोलत राहा म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं, पण दोघींच्या तोंडून शब्द फुटेना. उजव्या हाताला, दोन-तीन सऱ्या सोडून, वाळलं पाचट एकदा करकरलं. वारा नव्हता. मग ओल्या जनावराचा उग्र वास आला. सुमनच्या हातातला विळा खाली पडला, आणि तो उचलायला वाकायचं नाही, एवढं मला कळत होतं.

कडेकडून चावी फिरवल्याचा आवाज आला. नेम मोडला होता. इंजिननं नुसतं टक् केलं. हॉर्न बेडकासारखा एकदा बोलला आणि संपला. मग काहीच नाही. मला वाटलं, आता भावजी दारं लावून आत बसतील. मी त्यांना ओळखत होते.

तेवढ्यात ती बाई परत बोलायला लागली. पण आवाज पुरुषाचा होता.

"हिशावा लोमी नाकोवा, तिस्की तिस्की बरामू..." असं काहीतरी, अगदी तिच्याच चालीवर. आवाज थरथरत होता आणि जवळ येत होता. मध्येच परकी भाषा संपली, तर टोमॅटोचे भाव सुरू झाले, मग कांदा, मग "आई, आई गं", मग परत हिशावा लोमी. ऊस बाजूला सारत भावजी आले. पानांनी तोंड चिरलेलं, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"चला," म्हणाले. "बोलत चला. गप कुनी बसायचं न्हाई. वहिनी, शिव्या द्या, पन बोला."

मी शिव्या दिल्या. अमावास्येला दिल्या, बॅटरीला दिल्या, त्यांना दिल्या. सुमन माहेरच्या एसटीचे थांबे एकामागून एक म्हणत होती. आम्ही चाललो की शेजारच्या सरीतलं पाचट करकरायचं, थांबलो की थांबायचं. भावजी त्या बाजूनं चालत होते. ते त्या बाजूला कधी गेले, मला कळलं नाही.

गाडीपाशी आलो, तेव्हा त्यांचा लेंगा ओला होता. ते कालव्याचं पाणी नव्हतं. मी पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. सुमननं विचारलं, "मामंजी, ते काय बोलत हुता तुमी?"

"मला काय म्हाईत? ती बाई बोलती तेच."

"मंग बिबट्याला कसं कळलं?"

"मला म्हाईत न्हाई, हे त्याला तरी कुठं कळतं?"

सकाळी विळा आणायला चार माणसं घेऊन गेलो. ओल्या सरीत विळ्याशेजारी पंजा उमटलेला होता, माझ्या तळहाताएवढा.

त्यानंतर ते शूर झाले, असं काही झालं नाही. पाल दिसली की तसेच ओरडायचे. गाडीतून खाली उतरायचे नाहीत. अमावास्येचा नेम पाळतच राहिले, फक्त बॅटरी भरावी म्हणून आदल्या दिवशी गाडी गावाबाहेर फिरवून आणायला लागले. पण आम्ही दोघी उसातून बाहेर येईपर्यंत रोज कडेला बसून राहिले, ते शेवटपर्यंत.

गाडी आता गोठ्याशेजारी उभी आहे. मुलगा म्हणतो, विकून टाकू. दहावा झाला त्या संध्याकाळी गाईंना टाकायला काही नव्हतं. मी गाडीचं दार उघडलं. बसून बसून सीटला खळगा पडला आहे. खोक्याचं बटण फिरवलं... काही आलं नाही. बॅटरी उतरली असणार. सुमन दारात विळे घेऊन उभी होती.

बिबट्या गेलेला नाही. मागच्या आठवड्यात रंगनाथची शेळी नेली. भीतीही गेलेली नाही, आता तर कडेला कोणी नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघी सरीत शिरलो. मी वाकले, पहिली मूठ कापली, आणि मानेवर काटा आला, बायजाला जिथं धरलं होतं तिथं. मी तोंड उघडलं. शिवी आठवली नाही, देवाचं नावही आठवलं नाही.

"हिशावा लोमी," मी म्हणाले.

पलीकडच्या सरीतून सुमन म्हणाली, "नाकोवा, आत्याबाई. मोठ्यानं म्हना."