व्हिसाच्या फोटोतली गोरी मुलगी

मंडळी, आज अक्षरशः किळस आली, म्हणून लिहितेय.

फ्रान्समधल्या एका शाळेत वर्षभर इंग्रजीची असिस्टंट म्हणून जायचंय. आज व्हिसाची अपॉइंटमेंट होती. काउंटरवरच्या बाईंनी फोटो बघितला, मग मला बघितलं. "ये नहीं चलेगा. चेहरा एडिट किया हुआ है."

स्टुडिओतून आणलेलं फोटोंचं पाकीट मी न उघडताच घाईत फाईलमध्ये टाकलं होतं. आता बघितलं, तर खरंच कोणीतरी वेगळीच गोरीपान मुलगी! तिथलं फोटोचं मशीन बंद. म्हणजे अपॉइंटमेंट गेली. नवी कधी मिळेल, देव जाणे. शाळा काय माझ्यासाठी थांबणारे?

तडक सिल्व्हर पार्क भागातल्या त्या स्टुडिओत गेले. फोटोग्राफर उलट खूश! "फॉरेन जाना है ना मॅडम, इसलिए थोडा गोरा कर दिया. सब लडकियों का करता हूं."

न विचारता!

घरी येऊन तणतणत आईला सगळं सांगितलं. तिने फोटो उजेडात धरला. "अगं, किती छान आलीयस! फाडू नकोस, स्थळांना पाठवायला होईल."

काउंटरवरच्या परक्या बाईला माझाच चेहरा हवा होता. आपल्या घरच्यांना नक्की कोणाचा हवा असतो?