जपूनकाका आणि मुकं ॲसिड

काचेवर नक्षी उठवणाऱ्या आमच्या कारखान्यात एकच खोली आरशासारखी लख्ख होती, आणि ती म्हणजे स्टोअर. बाकी सगळीकडे काचेचा भुगा, ओली फरशी आणि गंजलेले नळ. स्टोअरमध्ये मात्र रबरी हातमोज्यांच्या चळती कापडाच्या दुकानात लावतात तशा लावलेल्या. संरक्षक चष्मे डबीत, डबी पिशवीत, पिशवी कपाटात आणि कपाटाची किल्ली जपूनकाकांच्या कमरेला.

काकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बोलण्याच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी 'जपून हं' म्हणायची त्यांना सवय होती, म्हणून सगळा कारखाना त्यांना जपूनकाका म्हणायचा. माणूस मनाने चांगला होता. कुणाची मुलगी आजारी पडली तर स्वतः जाऊन विचारपूस करायचे. फक्त वस्तू वापरलेली त्यांना बघवायची नाही. घरी नवा सोफा आला, त्यावरचं प्लॅस्टिक सहा वर्षं निघालं नव्हतं. उन्हाळ्यात पाहुणे उठले की मागून चर्रर्र आवाज यायचा आणि काका समाधानाने म्हणायचे, "बघा, अजून कोरा आहे."

कारखान्यात नक्षीसाठी जे ॲसिड वापरायचे त्याला कामगार 'मुकं ॲसिड' म्हणत. शास्त्रीय नाव हायड्रोफ्लोरिक. ते काच खातं, म्हणून काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये येतं. दिसायला पाणी. बाकीची ॲसिडं अंगावर पडली की माणूस बोंबलतो, नळाकडे धावतो, निदान जीव वाचवायची बुद्धी तरी होते. हे पातळ केलेलं ॲसिड पडलं तर बराच वेळ काहीच कळत नाही. ते गुपचूप कातडीतून आत उतरतं, हाडापर्यंत पोचतं, अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि मग ठणका सुरू होतो. जास्त अंगावर पडलं तर हृदयसुद्धा बंद पडतं.

हे सगळं आम्हाला सांगितलं ते नव्याने रुजू झालेल्या सुरक्षाबाईंनी. बाईंनी भाषण दिलं, चित्रं दाखवली आणि यावर पहिला उपचार म्हणून कॅल्शियमचं जेल मागवलं. "आधी भरपूर पाणी, मग हे जेल चोळत राहायचं आणि लगेच दवाखाना. दुखायची वाट बघायची नाही," असं तीनतीनदा बजावून त्यांनी जेलच्या ट्यूबा नक्षीखोलीत भिंतीवर लावल्या. भाषणाला जपूनकाकाही होते. पण त्यांचं सगळं लक्ष, चित्रं चिकटवायला आणलेली चिकटपट्टी परत मिळते की नाही, यावर होतं.

तपासणीच्या दिवशी तर कारखाना ओळखू यायचा नाही. प्रत्येक खुंटीवर नवा कोरा एप्रन, प्रत्येक टेबलावर चष्मा. तपासनीस खूश. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की काका ढकलगाडी घेऊन निघायचे आणि सगळं गोळा करून, पुसून, परत कपाटात ठेवायचे. जेलच्या ट्यूबाही त्यांनी अशाच आत नेल्या. भिंतीवर राहून खोक्यांचा रंग उडाला असता.

नक्षीखोलीत काच बुडवणारा एक हडकुळा कारागीर होता. तो हातमोजा घेऊन खिडकीशी यायचा.

"काका, फाटलाय. नवा द्या."

"कुठे फाटलाय? दाखव."

"अंगठ्यापाशी. बारीक भोक आहे."

"अरे, एवढ्याशा भोकाला नवा मोजा? पट्टी लाव की. जपून वापरावं जरा."

कारागीर पट्टी लावून जायचा. फाटकापाशी मोठा फलक होता, 'अपघातमुक्त कारखाना', आणि खाली दिवसांचा आकडा. मॅनेजरसाहेब रोज सकाळी स्वतःच्या हाताने तो वाढवायचे. देवपूजा चुकेल, पण हे चुकायचं नाही.

असाच एक तपासणीचा दिवस. सकाळी घाईघाईने कॅन सरळ रांगेत लावताना काकांना एका कॅनचं झाकण ओलसर दिसलं. त्यांनी ते बोटांनी पुसलं, बोटं पँटला पुसली आणि पुढच्या कामाला लागले. तपासणी उत्तम झाली. साहेबांनी काकांची पाठ थोपटली. काका खुशीत घरी आले, कपडे बदलले, पँट धुवायच्या बादलीत टाकली.

चहा घेताना उजव्या हाताची दोन बोटं दुखायला लागली. वर काही नाही, जरा लालसर. थोड्या वेळाने नखाखाली कुणीतरी सुई खुपसून फिरवतंय असं वाटू लागलं. काकूंनी गार पाणी दिलं, टूथपेस्ट लावली. ठणका वाढतच गेला. काका सोफ्यावर कळवळत मागेपुढे व्हायला लागले आणि प्लॅस्टिक त्यांच्याबरोबर कुरकुरायला लागलं.

"अहो, आज हात कशाला लावला होतात?"

"कशाला नाही. एका कॅनचं झाकण ओलं होतं, ते पुसलं."

"कशाने पुसलंत?"

"हाताने. मग हात पँटला पुसला."

"फडकं नव्हतं?"

"होतं. पण ते नवं होतं गं."

काकूंनी कपाळावर हात मारला आणि सरळ सुरक्षाबाईंना फोन लावला. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "त्या वेळी घातलेली पँट कुठे आहे?"

"बादलीत. आता धुणारच होते."

"अजिबात हात लावू नका! बादली कुणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. काकांची बोटं नळाखाली धरा, मांडीवरही पाणी घाला. घरी जेल आहे का?"

"घरी कुठलं? अहो, जेल कुठे मिळेल?"

काका वेदनेतही ताठ झाले. "स्टोअरमध्ये आहे. डझनभर ट्यूब. सगळ्या सीलबंद."

बाईंनी ते फोनवर ऐकलं. "भिंतीवर लावल्या होत्या ना मी?"

"आत घेतल्या," काका पुटपुटले.

दवाखान्याच्या वाटेवरच कारखाना लागतो. बाई म्हणाल्या, "जेल घ्या, चोळत चोळत दवाखान्यात या. मी डॉक्टरांना कळवते." काकूंनी रिक्षा केली. फाटकावर वॉचमनने सलाम ठोकला आणि आडवा उभा राहिला.

"स्टोअर बंद झाल्यावर साहेबांच्या चिठ्ठीशिवाय उघडायचं नाही."

"अरे, मी स्टोअरकीपर आहे!"

"म्हणून तर, काका. तुम्हीच सांगितलंय ना, मीसुद्धा आलो तरी सोडू नकोस म्हणून."

तसा नियम होताच, आणि तो त्यांना मनापासून आवडायचा. पण काकू नियमांच्या माणसांतल्या नव्हत्या. "बाजूला होतोस की तुझ्याच अंगावर तो कॅन ओतू?" असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, त्यावर वॉचमनने बाजूला होऊन वर दिवाही लावला.

उघड्या हाताने जेल चोळायचं नाही, नाहीतर चोळणाऱ्यालाही बाधतं, हे बाईंनी फोनवर बजावलं होतं. तेव्हा काकूंनी हातमोज्यांचं कोरं पाकीट उचललं आणि दातांनी टरकावलं.

"दाताने नको गं! कात्री आहे तिथे," काका कळवळले. बोटासाठी की पाकिटासाठी, देव जाणे. काकूंनी ट्यूब उचलली तसे ते पुन्हा म्हणाले, "ती नको, डावीकडची घे. तिची तारीख आधी संपतेय."

"तुमची आधी संपेल!" काकू म्हणाल्या आणि हाताला लागली ती ट्यूब फोडली.

दवाखान्यात डॉक्टर तयारच होते. बोटांत इंजेक्शनं दिली, हृदयाची तपासणी केली, दोन दिवस ठेवून घेतलं. एका बोटाचं नख गेलं, टोक बधिर झालं, पण बोटं वाचली. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर एक बोट कापावं लागलं असतं. काका त्यावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. काकूंना वाटलं झोपले. "अगं," ते एकदम म्हणाले, "त्या कारागिराला मी पट्टी लावायला सांगायचो."

पुढे मॅनेजरसाहेब फळं घेऊन भेटायला आले. दुःख व्यक्त करून झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"काका, दुखायला कुठे लागलं तुम्हाला?"

"घरी."

"बघा! म्हणजे अपघात घरचाच. आपल्या फलकाला काही धक्का नाही. तुम्ही फक्त तसं सांगा."

काका आयुष्यात कुणा साहेबाला उलट बोलले नव्हते. त्यांनी बँडेज बांधलेला हात वर केला. "साहेब, बोट माझं, घरही माझं. पण थेंब कारखान्याचा होता. तो मी घरून नव्हता नेला."

फलकावर शून्य आलं. साहेबांनी ते स्वतः लिहिलं नाही, वॉचमनला सांगितलं. काका कामावर आले त्या दिवशी त्यांनी कारागिराला खिडकीशी बोलावलं, नव्या मोज्यांची चळत त्याच्यापुढे ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "घालण्याआधी हवा भरून बघ. भोक असलं तर फेकून दे. मला दाखवायला आणू नकोस." कारागीर इतका घाबरला की त्याने आधी सुरक्षाबाईंना विचारलं, काकांच्या डोक्याला तर काही झालं नाही ना.

ट्यूबा भिंतीवर परत गेल्या आणि तिथेच राहिल्या. काका मात्र आता दुसऱ्या टोकाला गेले. हिशेबनीसबाईंना त्यांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले. रोज सकाळी नक्षीखोलीच्या दारात उभं राहून एकेकाचे हात तपासायला लागले. साहेबांनी हातमोज्यांचा खर्च कमी करा म्हणून दोनदा बजावलं, काकांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि आणखी मागवले.

मग एकदा मोठे ग्राहक कारखाना बघायला आले. साहेब त्यांना थेट नक्षीखोलीत नेत होते. दारात काका आडवे. हातात एप्रन, चष्मे, मोजे, बूट.

"काका, दोनच मिनिटं. नुसतं बघायचंय," साहेब दात दाखवत म्हणाले.

"बघा की. घालून बघा."

पाहुण्यांनी विचारलं, "इतकं धोक्याचं आहे का आत?"

"छे, छे! काहीच नाही," असं म्हणत साहेबांनी मुकाट्याने एप्रन चढवला, चष्मा लावला, कोपरापर्यंत मोजे ओढले. काकांनी मागून नाडी घट्ट बांधली. तो अवतार बघून पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले आणि आम्ही खिडकीतूनच बघतो म्हणाले. साहेब एकटेच आत गेले. जाड काचेपलीकडे हात वर-खाली करत ते बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होते. बाहेर कुणालाच ऐकू येत नव्हतं.