कड खाडीची

माझ्या बहिणीचा नवरा कान्हू. याला सरळ प्रश्न विचारला तरी सरळ उत्तर मिळेल याची खात्री नाही, आणि हा वळसा घालून जाईल याची तर मुळीच नाही. गडब गावाच्या पश्चिमेला खाडीलगत त्याची खारजमीन आहे. घरून शेतावर जायचं तर मधे एक ओहोळ लागतो. शहाणी माणसं थोडं वर जाऊन साकवावरून उतरतात. कान्हू उडी मारून जातो.

लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो तेव्हा मी विचारलं, "दाजी, साकव कशाला बांधलाय मग?"

"पावण्यांसाठी," तो म्हणाला आणि पलीकडे गेलासुद्धा.

मी खांब गावचा, हायवेवरचा. आम्हाला ट्रक कळतात, खाडी कळत नाही. त्यामुळे एक गोष्ट लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. कान्हू उडी मारायचा तेव्हा त्याचा पाय बांधाच्या कडेवर कधीच पडत नसे. कडेच्या वीतभर अलीकडे पाय टेकायचा आणि तिथूनच तो उठायचा. विचारलं तर म्हणे, बाबांनी शिकवलं. त्याचे वडील पुंडलिकबाबा पोरांना चालायला शिकवतानाच सांगायचे, बांध आपला, कड खाडीची. वरून कड टणक दिसते, पण आतून कुर्ल्या-खेकड्यांनी पोखरलेली असते. पाय दिला की मातीसकट माणूस खाली. खारवट गावातली पोरं पाढे विसरतील, हे विसरत नाहीत.

दुसरी एक रीत तिथली. अमावास्या-पुनवेला उधाण आलं आणि बांध फुटेलसं वाटलं की गावात हाळी फिरते. घरटी एक माणूस बांधावर जातो आणि आपापल्या ठरल्या जागी चिखल-पेंढा घेऊन उभा राहतो. भरती उतरेपर्यंत जागा सोडायची नाही. अगदीच जावं लागलं तर शेजाऱ्याला 'माझी जागा धर' म्हणून सांगायचं, मग जायचं. न सांगता गेलेल्या माणसाला पुढे गावात कोणी चहाही विचारत नाही. एका आषाढात कान्हूच्या छातीपर्यंत पाणी आलं होतं. माणसं मागून ओरडत होती, हा जागचा हलला नाही. त्याने बांध वाचला म्हणावं, तर अर्धा वाचला. पण तो अर्धा बांध कान्हूच्या बाजूचा होता हे अजून गावाला तोंडपाठ आहे.

अशा माणसाला लांब उडीच्या मैदानावर नेलं ते नथानियल रोहेकर सरांनी. सर रोह्याचे, तिथल्या ज्यू घरातले. आयुष्यभर पोरांना कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे भाऊ, बहिणी, शेवटी मुलगी शीरासुद्धा इस्राएलला निघून गेली होती. सर तेवढे मागे राहिले. का राहिलात, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "माझ्या घरच्यांनी सगळ्यांनी उडी मारली. एक माणूस मोजायला नको का?"

सर जिताडा घ्यायला गडबला आले होते. मासा राहिला बाजूला. कान्हूची ओहोळावरची उडी बघून ते तिथेच बांधावर बसले आणि म्हणाले, "परत मार." कान्हूने मारली. "आणखी एकदा." तिसऱ्यांदा कान्हू म्हणाला, "सर, जिताडा मरंल तुमचा." तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. सरांनी सांगितलं, चाळिशीच्या वरच्यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात, तिथे देशोदेशीची माणसं येतात. कान्हूला ते खरं वाटलं नाही. पण रविवारी येतो म्हणाले तर सर खरंच रविवारी आले.

भाताच्या गिरणीतून तूस आणून घरामागे खड्ड्यात पसरलं. सरांनी लाकडाची फळी पुरली, पुढे बोटभर माती लावली. नियम एकच. फळीवरून उडायचं, मातीला पाय लागला तर उडी बाद. मोजणार ती फळीच्या पुढच्या कडेपासून. आणि इथेच घोडं अडलं. कान्हूचा पाय फळीच्या कडेला जाईचना. वीतभर मागूनच तो उठायचा. ती वीत दर उडीला फुकट जायची.

"फळी सागाची आहे रे, खचणार नाही," सर कळवळून सांगायचे.

"बांधपण खचंलसा वाटत नाय, सर. खचल्यावर कळतं."

सरांनी फळी रंगवून पाहिली, चुन्याने पायाची आकृती काढून पाहिली, एकदा तर रागाने स्वतःच फळीवर उभे राहून नाचले. पालथ्या घड्यावर पाणी. सहा मीटरचा आकडा म्हणजे सरांचा ध्यास होता. कान्हू अंगाने सहाच्या पुढे उडायचा आणि कागदावर सहाच्या आत राहायचा. सरांना झोप लागत नसे. मला म्हणायचे, "प्रविण, तुझा दाजी मला वेळेआधी मारणार."

गावाला मात्र वेगळीच करमणूक. एक दिवस शेजारची धोंडुबाई पाणवठ्यावर म्हणाली, "गो अनिता, तुझा घोव या वयात चड्डी घालून बेडकावानी उड्या मारतो, तुला लाज नाय वाटत?"

माझी बहीण तशी गरीब, पण कोणाचं मुकाट ऐकून घ्यायची तिला सवय नाही. ती म्हणाली, "बेडूक तं बेडूक. तुमच्याकडच्यांना वटीवरनं खाली उतरायला माणूस लागतो, ते बघा आधी." त्यानंतर पाणवठ्यावर हा विषय कोणी काढला नाही. घरी मात्र ती स्वतः कान्हूला बेडूक म्हणायची.

जिल्हा झाला, राज्य झालं, आणि शहाण्णव सालच्या हिवाळ्यात कान्हू बंगलोरला निघाला. आंतरराष्ट्रीय स्पर्धा, वयस्क पुरुषांची लांब उडी. मी कंपनीत शिफ्ट बदलून घेतली आणि सरांबरोबर गेलो. गाडीत सरांनी मला हळूच सांगितलं की जानेवारीत तेही इस्राएलला चालले, कायमचे. गुडघे गेले होते, रोह्यात दार वाजवणारं कोणी उरलं नव्हतं, शीरा फोनवर रडायची. "सहा मीटर एकदा डोळ्यांनी बघतो आणि जातो," म्हणाले. कान्हू समोरच्या बाकावर डोळे मिटून बसला होता. तो झोपला नव्हता हे मला ठाऊक होतं.

मैदानावर देशोदेशीचे लोक होते. श्रीलंकेचा एक उंच शिडशिडीत माणूस पहिल्यापासून पुढे होता. तीन उड्यांनंतर आठ जणांना ठेवतात, बाकीचे घरी. कान्हू आठवा आला, अगदी काठावर. पुढच्या दोन उड्यांतही तेच, वीतभर मागून.

बाकी सगळ्यांच्या शेवटच्या उड्या झाल्या. यादीतल्या क्रमाने कान्हू शेवटचा, त्याची एक उडी राहिली होती. तेवढ्यात कोट घातलेला एक पदाधिकारी लगबगीने आला. मागे दोन माणसं बक्षिसाच्या पायऱ्या उचलून आणत होती. उन्हं उतरली होती, प्रमुख पाहुण्यांना विमान गाठायचं होतं. पदाधिकारी हिंदीत म्हणाला, पहिले तिघे ठरले आहेत, तुम्ही आठवे, तुमच्या एका उडीने काय फरक पडणार? ती सोडून दिली असं आम्ही लिहितो. आणि त्याने पायऱ्या धावपट्टीवर ठेवायला सांगितलं.

मी रागाने उठलो. सरांनी माझा हात धरला, कारण कान्हू आधीच निघाला होता.

तो धावपट्टीवरून चालत फळीपर्यंत गेला. तिच्यावर उभा राहिला, दोन्ही पाय जुळवून, बोटं थेट कडेला. हात बाजूला सोडलेले. आषाढातल्या त्या बांधावर तो असाच उभा होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

"हटो, भाई," पदाधिकारी म्हणाला.

"माझी उडी शिल्लक हाय," कान्हू मराठीतच म्हणाला.

पदाधिकाऱ्याने समजावलं, मग आवाज चढवला, मग कोणाला तरी हाक मारली. त्याने काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असला माणूस. कान्हूने एकदाच उत्तर दिलं. "भरती उतरल्याबिगर मी जागा सोडत नाय. तुला काय करायचा ता कर."

भाषा कोणाला कळली नसेल, पण अर्थ कळला. निशाण घेऊन बसलेली पांढऱ्या केसांची परदेशी पंच बाई खुर्चीवरून उठलीच नाही. तिने निशाण मांडीवर ठेवलं आणि घड्याळाकडे बोट दाखवून पदाधिकाऱ्याला काहीतरी थंडपणे सांगितलं. श्रीलंकेच्या माणसाने बूट काढले होते, तो मैदानाच्या कडेला परत बसला आणि टाळ्या वाजवू लागला. हळूहळू बाकीचेही वाजवू लागले. पाहुण्यांचं विमान राहिलं की सुटलं, मला माहीत नाही आणि मला त्याची फिकीरही नाही. पायऱ्या मागे नेल्या.

कान्हू तरी हलला नाही. पायऱ्या पार दूर जाईपर्यंत तो फळीवरच होता. मग त्याने खाली पाहिलं. टाचा उचलून पुन्हा दाबल्या. एकदा, दोनदा. आपल्याला जागा खचवता येते का, तेच तो बघत होता. फळी जशीच्या तशी होती.

तो मागे गेला. धाव सुरू करायच्या जागी त्याने आपला एक दगड ठेवला होता. तो दगड त्याने उचलला आणि वीतभर पुढे सरकवला. सरांनी माझं मनगट इतकं आवळलं की मला बोंब मारावीशी वाटली. मी मारली नाही.

कान्हू धावला. पाय फळीवर पडला, कडेला अगदी भिडून, आणि त्याचा आवाज आम्हाला वर बाकापर्यंत आला. पंच बाईने पांढरं निशाण वर केलं. सहा मीटर आणि वर चार बोटं. आठव्याचा तो चौथा झाला. चौथ्याला पायऱ्या नसतात. पण सर उभे राहून रडत होते आणि आजूबाजूच्या लोकांना वाटत होतं की यांचाच मुलगा जिंकला.

पदाधिकाऱ्यासमोरून येताना कान्हू थांबला. मला वाटलं, आता हात दाखवून अवलक्षण. पण तो फक्त म्हणाला, "पडला फरक?" आणि पुढे आला.

जानेवारीत सर निरोप घ्यायला गडबला आले. अनिताने जिताडा केला होता. जेवण झाल्यावर आम्ही तिघं बांधावर गेलो. कान्हू पुढे चालत होता, कडेपासून वीतभर आत, नेहमीसारखा. मला राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, बंगलोरला धाडस केलंत, इथं काय झालं?"

"तिथं उभा राहून भांडलो, म्हणून ती कड माझी झाली," तो म्हणाला. "ही खाडीची ती खाडीचीच."

सर खाली पाण्याकडे बघत होते. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडत होता. कान्हूच बोलला, आणि एवढं हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "सर, तुम्ही जागा सोडून चाललात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र रागावले नाहीत. "माझी भरती उतरली रे, कान्हू. भरती उतरली की जाता येतं ना? तुमचीच रीत आहे."

कान्हूने मान हलवली, म्हणजे नाही म्हणाला. "तुमच्या घरची तेवढी तुम्हीच व्हतात इथं. असा न सांगता नाय जायचा. शेजाऱ्याला सांगून जायचा."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कान्हू, माझी जागा धर."

"धरतो, सर. जावा तुम्ही."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी गडबला गेलो तर घरामागे तूस ताजं पसरलं होतं. कान्हू एकटाच होता आणि आपला दगड धावेच्या जागी लावत होता. मला बघून त्याने टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "बस तिथं," म्हणाला. "एक माणूस मोजायला लागतो."