किल्लेदाराचं सुतक

सत्त्याण्णव साली कोल्हापूरची पूर्णिमा हुपरीत सून म्हणून आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्या चार आणि ऐतिहासिक कादंबऱ्या सात. सासरी चांदीचं काम. घरातच भट्टी, आणि बायकांनी दिवसभर पैंजणाच्या कड्या जोडायच्या. इथं कुठलं वाचन, कपाळ! महिनाभर पोरगी मनातल्या मनात झुरली.

एका दुपारी सासूनं, चिमणाबाईनं, तिला पुस्तकासकट पकडलं. सासू अंगठेबहाद्दर, पण खमकी. ओरडली नाही. एकटीच काय गिळतीस, आमालाबी वाढ की, म्हणाली, आणि सुनेच्या वाटणीच्या कड्या स्वतःच्या ताटात ओढून घेतल्या. ते ऋण पूर्णिमा आजही बोलून दाखवते. सासऱ्यांनी, बाळासोंनी, मात्र बजावलं होतं, पुस्तकापायी ज्या दिवशी काम थांबंल त्या दिवशी पुस्तक बंद.

मग रोज पूर्णिमा वाचायची आणि चिमणाबाई, शेजारची धोंडुबाई कड्या जोडत ऐकायच्या. घोडी उधळली की हात भराभर चालायचे. फितुरी झाली की असल्या शिव्या, की पूर्णिमालाच लाज वाटायची. बाळासो बाहेरच्या खोलीत चांदी तोलत बसायचे. त्यांना पुस्तकाचं काही पडलेलं नाही, असं सगळ्यांना वाटायचं.

बाळासो माल घेऊन कोल्हापूरला गेलते, त्याच संध्याकाळी कादंबरीतला म्हातारा किल्लेदार लढता लढता पडला. सकाळी ते परत येऊन बघतात तर भट्टी थंड, चूलही थंड. एवढ्यात धोंडुबाई पदराखाली पिठलं-भाकरी घेऊन आली, मयताच्या घरी आणतात तशी. बाळासोंच्या तोंडचं पाणीच पळालं. कोण गेलं, म्हणून त्यांनी बायकोला विचारलं.

"किल्लेदार गेला," चिमणाबाई म्हणाली. "सा म्हैनं घरात व्हता. आज जाळ न्हाय."

पुढचा माल उद्या द्यायचा, आणि काम थांबलं होतं ते पुस्तकापायीच. पूर्णिमानं गुमान पुस्तक उचललं आणि ट्रंकेत ठेवायला निघाली.

बाळासो भिंतीला टेकून बसले. भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून राहिले.

"आन् गड?" त्यांनी सुनेला विचारलं. "गड ऱ्हायला का?"

"ऱ्हायला, मामा. त्यांच्या सुनेनं राखला."

बाळासोंनी तुकडा तोंडात घातला. रविवारी म्हायेरी जा, म्हणाले, आन् दुसरं घिऊन ये. जरा जाड बघ.