नांगराचा खटका

जे सांगणार आहे ते माझ्या घरात कुणाला ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि ज्याला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं, त्या मारुतीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच एक कारण असेल.

सुरुवात कुठून करू? बोटीपासूनच करायला हवी, पण बोटीच्या आधी एक खोटं आहे.

मी वडूजचा. आमच्याकडची पोरं भरतीला जातात ती पायदळात. मी नेव्हीत लागलो. पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा चुलत्यांनी चारचौघांत विचारलं, "जाजावर काय काम करतोस रं?" मी म्हणालो, "इंजिनात हाय." इंजिनात मी कधीच नव्हतो. ऑफिसरांच्या मेसमध्ये वाढपी होतो. ताटं मांडायची, चहा न्यायचा, कपडे इस्त्रीला द्यायचे. वाईट काम होतं का? मुळीच नाही. पण त्या वेळी तोंडातून 'इंजिन' निघालं — आणि निघालं ते निघालंच. लग्न त्याच्यावर जमलं. रिटायर होऊन आलो तर लोकांनी बिघडलेल्या मोटारी दारात आणून ठेवल्या. मग करत करत शिकलो. पाण्याचे पंप, विहिरीवरच्या मोटारी, ते मला खरंच जमू लागलं. गावाने 'मेजर' म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे नेव्हीतून आलेलाही मेजरच असतो.

असं सगळं चाललं असताना सांगलीच्या एका शेठचा निरोप आला. हळदीचा व्यापार. त्यांनी मुंबईहून एक जुनी मोठी मोटारबोट घेतली होती, आत झोपायच्या दोन खोल्या, वर छत असलेली. कोयना धरणामागच्या फुगवट्यावर ती पाहुण्यांसाठी चालवायची होती. बाकी बोट ठीक होती. अडलं होतं नांगर उचलायच्या यंत्रापाशी. बोटीच्या नाकावर ते बसवलेलं असतं. नांगराची साखळी त्याच्या चाकावरून येते, दांडा फिरवला की नांगर वर. एके काळी त्याला विजेची मोटर होती, ती केव्हाच जळून गेलेली. आता सगळं हाताने. तिथली माणसं त्याला रहाट म्हणायची, मीही रहाटच म्हणतो.

या रहाटाला एक खटका असतो. बोटाएवढा लोखंडी तुकडा. तो चाकाच्या दात्यांवर पाडला की चाक एकाच बाजूने फिरतं, उलटं फिरत नाही. माणूस दमून थांबला तरी साखळीचा भार खटका धरून ठेवतो. सगळा भरवसा त्याच्यावर. आणि नेमका तोच झिजला होता.

शेठ म्हणाले, "मेजर, नवीनच मागवू का सगळं? बोट जुनी, त्यात हे."

हो म्हणालो असतो तर? तिथेच विषय संपला असता. पण शेजारी मारुती उभा होता. मारुती त्या बोटीवरचा नावाडी, फुगवट्याकाठच्याच गावचा. लहानपणापासून पाण्यावर. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी समुद्र खिशात घालून आलोय. "मेजर हायत की शेठ," तो म्हणाला, "त्यांनी लय मोठी जाजं बघितल्यात."

"नवीन कशाला?" मी म्हणालो. "दुरुस्त होतंय."

खटका वडूजला आणला. झिजलेल्या टोकावर वेल्डिंगने लोखंड चढवलं, घासून आकार दिला. दिसायला चांगला झाला. पण तसलं लोखंड मऊ राहतं, कडक व्हायला त्याला तापवून वेगळं पाणी द्यावं लागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढंच असतं तर मी अडाणी ठरलो असतो, आणि अडाणीपणाची कबुली मी केव्हाच दिली असती. तेवढंच नाही.

बोट काठाला बांधलेली असताना मी खटका बसवला आणि एकट्याने करून बघितलं. साखळी ताणली, दांडा सोडला. खटक्याने धरलं. परत केलं — धरलं. आणखी एकदा केलं आणि खटका घसरला. दांडा गरकन उलटा फिरला. मी मागे होतो म्हणून वाचलो. वाकून बघितलं तर टोकाची कड दबलेली.

मी ते बघितलं होतं. नीट, उजेडात, डोळ्यांनी बघितलं होतं.

मग मी काय केलं? कानशीने कड सरळ केली. वर ग्रीस लावलं. चाकाला रंग मारला. संध्याकाळी शेठला फोन करून सांगितलं की काम झालं.

पहिल्या फेरीला शेठने मलाही बोलावलं. सांगलीहून त्यांचे पाहुणे आले होते. त्यांच्यापुढे मला उभं करून म्हणाले, "हे आमचे नेव्हीवाले." दुपारचं जेवण पाण्यात मधोमध नांगर टाकून झालं. निघायच्या वेळी वारा उठला. बोट वाऱ्याने मागे ओढत होती, साखळी ताठ झाली होती. मारुती रहाटावर गेला. त्याने खटका पाडला, मी शेजारीच होतो. मग दांडा फिरवायला लागला आणि टक् टक् आवाज यायला लागला. खटका दात्यांवरून सरकत जाताना तसा आवाज होतो. त्या वेळी मी बोलू शकलो असतो. "थांब, साखळी आधी खुंट्याला बांध," एवढं एक वाक्य. पाहुणे मोबाईलवर शूटिंग घेत होते. मी बोललो नाही.

मारुती दम घ्यायला थांबला. खटका सुटला. दांडा उलटा आला आणि त्याच्या उजव्या कोपरावर बसला. तो आवाज मी तुम्हाला सांगत नाही.

बोट कशीबशी काठाला आणली. त्याला गाडीत घालून साताऱ्याला नेलं, शेठ आणि पाहुणेही गेले. "मेजर, तुमी बोटीकडं बघा," मारुती जाताना मला म्हणाला. कोपर धरून, ओठ पांढरे पडलेले, आणि म्हणाला काय, तर बोटीकडं बघा. सगळे गेल्यावर मी बोटीकडं बघितलं. पाना घेतला, खटका काढला आणि पाण्यात टाकला.

मागाहून मी दवाखान्यात पोचलो तेव्हा शेठने विचारलं, "झालं कसं?" मी म्हणालो, "खटका पाडायचा राहिला असेल. घाईत होतं."

मारुती कॉटवर होता. त्याने ऐकलं. मग म्हणाला, "व्हय शेठ. राहिला असंल. माझंच चुकलं."

शेठने नवीन रहाट मागवला, विजेचा, बटणावर चालणारा. जुना काढताना खटका दिसेना, पण त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मारुतीचा कोपर सरळ झालाच नाही. एका हाताच्या माणसाला बोटीवर कोण ठेवणार? आता तो मेढ्याजवळ मेव्हण्याच्या नर्सरीत असतो, रोपांना पाणी घालतो. फुगवट्यावर नवीन पोरगा नावाडी म्हणून आला की मारुतीचं नाव सांगतात — खटका न पाडता नांगर उचलायला गेलेला म्हणून. तो स्वतःही सांगतो. "माझ्यावानी करू नगा," म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात वाईला एका लग्नात तो भेटला. मला बघून लांबून आला, डाव्या हाताने नमस्कार केला. जेवणं झाल्यावर आम्ही घाटावर पायरीवर बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. माझ्या मुलीची चौकशी केली. मग म्हणाला, "मेजर, एक इचारू का? तुमी शेजारीच हुता म्हनून इचारतो. मला आजून त्यो आवाज ऐकू येतोय बघा. टक् टक्. खटका पाडल्याबिगर त्यो आवाज येत न्हाई. मग मी पाडला असंल का?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. पाण्याकडे बघत होता. आम्ही दोघंच होतो. त्याची नोकरी गेलेलीच होती, हात गेलेलाच होता, शेठ बोट विकून मोकळे झाले होते. खरं सांगितल्याने माझं काय जाणार होतं? माझं नाव, दुसरं काही नाही.

"न्हाई रं मारुती," मी म्हणालो. "वारा हुता. तुला भास झाला असंल."

"व्हय," तो म्हणाला. "तसंच असंल." आणि मला धीर दिल्यासारखा हसला. मग उठला, कारण त्याला मेढ्याची गाडी धरायची होती.

मी संध्याकाळी घरी पोचलो. जेवलो. झोपही लागली.